पोटरीचा पंप बंद पडतो तेव्हा

‘ऑपरेशन छान झालं, वॉकर धरून चार पावलंही टाकली, आणि दहाव्या दिवशी संडासला जाताना अटॅक आला.’ खुब्याचं हाड मोडलेल्या, गुडघा बदललेल्या किंवा अर्धांगवायू झालेल्या माणसाबद्दल असं ऐकलं, की आधी विचारावं: हा अटॅक हृदयाचाच होता का? पायाच्या खोल शिरेत धरलेली गुठळी सुटून हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकली, तरी माणूस असाच कोसळतो. फुफ्फुसातल्या या गुठळ्या मुळात पायाकडून येतात, हे रुडॉल्फ विर्शो या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच दाखवलं होतं. तरी आपल्याकडे ‘ऑपरेशन पार पडलं, आता धोका टळला’ असंच धरलं जातं. खरं तर व्यायाम नुकता सुरू झालेला असतो, पण दिवसाचे वीस-बावीस तास अजून खाटेवरच जातात, त्या काळात या गुठळीला चांगलंच फावतं.

रक्त खाली नेणं सोपं, हृदय ढकलतं. वर आणणं अवघड. माणूस स्वस्थ उभा राहिला, की घोट्यापाशी शिरेतला दाब सुमारे ९० मिलिमीटर पारा एवढा असतो. घोट्यापासून हृदयापर्यंत उभ्या असलेल्या रक्ताच्या स्तंभाचं ते वजन. तोच माणूस चालू लागला, की दाब २०-३० वर येतो. हे काम पोटरी करते. पोटरीच्या आतल्या थरात सोलियस नावाचा चपटा स्नायू आहे. त्याच्या पोटात शिरांच्या फुगीर पिशव्या असतात. स्नायू आवळला की पिशव्या पिळल्या जातात आणि रक्त वर उडतं. ते परत खाली येऊ नये म्हणून वरच्या शिरांमध्ये ठिकठिकाणी दोन पाकळ्यांच्या झडपा असतात. पाय हलला नाही की रक्त या पिशव्यांत साचतं.

पण ‘रक्त साचलं म्हणून गोठलं’ एवढंच सांगून थांबलं, तर गंमतच निसटते. बाटलीत ठेवलेलं रक्त गोठतं कारण बाटलीला जिवंत अस्तर नसतं. शिरेला असतं. मग तिथे का गोठावं? उत्तर झडपेच्या पाकळीमागच्या खिशात आहे. मुख्य धार पुढून जाते तेव्हा या खिशात रक्ताचा छोटा भोवरा फिरतो आणि खिसा धुऊन निघतो. धार मंदावली की भोवरा थांबतो. खिशाच्या अस्तरातल्या पेशींना प्राणवायू समोरच्या रक्तातूनच मिळत असतो. तो काही वेळातच संपत येतो, आणि गुदमरलेल्या पेशी पांढऱ्या पेशींना व बिंबिकांना (प्लेटलेट्सना) चिकटू देऊ लागतात.

दुसरी गोष्ट त्याहून सुंदर आहे. या खिशातल्या पेशींवर थ्रॉम्बोमोड्युलिन नावाचं प्रथिन शिरेच्या इतर भिंतीपेक्षा जास्त असतं. थ्रॉम्बिन हा गोठण्याच्या साखळीतला मुख्य गुंड. पण तो थ्रॉम्बोमोड्युलिनला चिकटला, की उलट वागू लागतो: प्रोटीन सी जागं करतो, आणि ते साखळीतले पाचवा व आठवा हे दोन घटक तोडून टाकतं. म्हणजे जिथे धोका जास्त, तिथेच निसर्गाने पहारा वाढवला आहे. गोम अशी, की हा पहारा भोवऱ्यातल्या पुढे-मागे होणाऱ्या प्रवाहावर टिकून असतो. प्रवाह थांबला, की पेशींच्या केंद्रकातले फॉक्स-सी-२ आणि प्रॉक्स-१ हे नियंत्रक मंदावतात, थ्रॉम्बोमोड्युलिन घटतं, आणि पहारेकरीच झोपी जातो. मग फायब्रिन या तंतूंचं जाळं विणलं जातं आणि त्यात तांबड्या पेशी अडकतात. शिरेतली गुठळी लालभडक असते ती यामुळे.

म्हणून ‘पाय हलवा’ या सल्ल्यात कोणी हलवायचा, हे महत्त्वाचं. रुग्णाने स्वतः पंजा जोरात वर ओढून मग खाली दाबला, तर सोलियस आवळतो. जागेपणी दर तासाला १०-२० वेळा, हे करता येण्याजोगं आहे. नातेवाइकांनी पाय धरून हलवला तर सांधा मोकळा राहतो, पण पंप जेमतेमच चालतो. गुडघ्याखाली उशी ठेवण्याची हौस टाळावी. मागची शीर दबते, गुडघाही वाकडाच राहतो. उशी टाचेखाली घ्यावी.

अर्धांगवायूच्या पायाला मात्र पंजा ओढायला सांगून उपयोग नाही. अशा रुग्णांना सर्रास लांब, घट्ट पांढरे मोजे चढवले जातात. ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या चाचणीत २,५१८ रुग्ण होते. मांडीपर्यंतचे मोजे घातलेल्यांपैकी १०.० टक्क्यांना गुडघ्यामागच्या किंवा मांडीतल्या खोल शिरांत गुठळी झाली, न घातलेल्यांपैकी १०.५ टक्क्यांना. फायदा शून्यात जमा. उलट कातडी सोलणं, फोड, जखमा ५ टक्क्यांना झाल्या, मोजे नसलेल्यांत १ टक्क्याला. हा निकाल २००९ चा आहे, तरी मोजे विकले जातातच. मोजा वरून गुंडाळला गेला की तो दोरीसारखा आवळतो. मधुमेहाने पाय बधिर असेल किंवा धमन्या अरुंद असतील, तर मोजा घालूच नये.

हवेच्या पट्ट्यांचं मशीन हे खरं कामाचं. पायाला गुंडाळलेली पट्टी ठरावीक वेळाने फुगते, पोटरी पिळते आणि सुटते. त्याच संशोधकांच्या २०१३ च्या चाचणीत, २,८७६ रुग्णांत, गुठळ्यांचं प्रमाण १२.१ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आलं. अट एकच, मशीन चालू हवं. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला बसवायला येतो, पट्ट्या काढतो, रुग्ण खुर्चीत बसतो, परत झोपतो, आणि पट्ट्या संध्याकाळपर्यंत खाटेच्या कठड्यावर लटकत राहतात. दिवसाला १८ तास हे उद्दिष्ट मानलं जातं. पट्ट्या ज्याने काढल्या त्यानेच परत लावून हिरवा दिवा पाहायचा, असा वॉर्डात नियमच हवा. आधीच गुठळी झाल्याची शंका असेल, तर डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) होईपर्यंत पट्टी लावू नये.

गुठळी रोखणाऱ्या इंजेक्शनाची भीती मात्र अवाजवी आहे. ‘भारतीयांना गुठळ्या होत नाहीत’ हा जुना समज. फॅक्टर फाइव्ह लायडेन हा गुठळ्यांचा धोका वाढवणारा जनुकीय दोष युरोपीय वंशाच्या साधारण ५ टक्के लोकांत सापडतो, आपल्याकडे क्वचित, एवढंच त्यात तथ्य. मोडलेला खुबा वंश विचारत नाही. एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटाच्या कातडीखाली, हा नेहमीचा प्रतिबंधक डोस. मूत्रपिंड फार अशक्त असेल तर डॉक्टर तो कमी करतात. भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नसतो, तो काढताना औषध सांडतं. बेंबीपासून दोन इंच लांब, कातडीची घडी चिमटीत धरून सुई काटकोनात पूर्ण आत. औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही, चोळलं की काळंनिळं होतं. कण्यात भूल दिली असेल तर कण्यातली सुई आणि हा प्रतिबंधक डोस यांत किमान १२ तासांचं अंतर लागतं, नाहीतर मज्जारज्जूभोवती रक्त साचू शकतं. मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना सुरुवातीला फक्त मशीन.

गोळ्याही आहेत. सांधा बदलल्यावर अपिक्साबॅन २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, गुडघ्याला १२ दिवस आणि खुब्याला ३५ पर्यंत. रुग्ण पाचव्या दिवशी घरी जातो आणि चिठ्ठीतली ही ओळ हरवते.

घरी मग तेल येतं. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणारे आजही आहेत. रक्ताने काही होत नाही, पण सुजलेली पोटरी रगडून चोळणं घातक, कारण आत गुठळी असेल तर ती सुटू शकते. लसूण किंवा दालचिनी खाऊन ‘रक्त पातळ’ होतं म्हणून गोळी बंद करणं, हाही त्यातलाच प्रकार.

तेलाऐवजी टेप हाताशी ठेवावी. गुडघ्याखाली नडगीवर जो उंचवटा लागतो, त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा, पेनाने खूण करून ठेवायची. एक बाजू ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, किंवा पाय गरम आणि दुखरा झाला, तर त्याच दिवशी डॉपलर. पंजा वर दाबून पोटरी दुखते का पाहण्याची जुनी खूण भरवशाची नाही. डी-डायमर (गुठळीचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ऑपरेशननंतर तसंही वाढलेलंच असतं. डॉपलरमध्ये मात्र डॉक्टर प्रोबने शीर हलकेच दाबतात. रिकामी शीर पडद्यावर डोळा मिटावा तशी मिटते, गुठळी असलेली उघडीच राहते. धाप लागली, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर टेप बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं.