महिला बंदी : आधार आणि संघर्ष (गोवा)

तुरुंगातल्या स्त्रियांचा परस्परांतला आधार आणि कलह यांचा अभ्यास एकत्रच करावा लागतो, कारण सोबत करणारी आणि भांडणारी बहुधा एकच बाई असते. भारतातील कैद्यांत स्त्रिया सुमारे ४ टक्के आहेत, आणि गोव्यात तर त्या अगदीच थोड्या. आग्वादचा तुरुंग २०१५ मध्ये कोलवाळला (ता. बार्देश) हलला. तेथील मध्यवर्ती कारागृहात स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग आहे. विभाग लहान असला की बिनसलेल्या दोघींना एकमेकींपासून दूर ठेवायला जागा उरत नाही.

भांडणाचे निमित्त क्षुल्लक असते: आंघोळीची पाळी, पंख्याखालची जागा, फोनची वेळ, जेलरकडे केलेली चहाडी. कँटीनच्या खात्यावर एकीला पैसे येतात, दुसरीला येत नाहीत, हेही सलते. मूळ दुखणे मात्र बहुतेक वेळा न्यायालयात असते. तारखेहून जामीन न मिळता परतलेली बाई संध्याकाळी बादलीवरून वाद घालते, तेव्हा तो वाद बादलीचा नसतो. मुलाविषयीच्या गुन्ह्यात आलेलीला इतर जणी वाळीतच टाकतात.

वयस्कर बंदिनी पाहता पाहता सगळ्यांची मावशी होते. निरक्षर बाईला कोणी आरोपपत्र वाचून दाखवते, कोणी अर्ज लिहून देते, जिवाचे बरेवाईट करील अशी भीती वाटणारीजवळ कोणी रात्रभर बसते. अमली पदार्थांच्या खटल्यातील परदेशी स्त्रीला भेटायला येणारे नातलग नसतात. तिला तर याच सोबतिणी. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते (सर्वोच्च न्यायालय, २००६), आणि त्याचे लाड सगळा विभाग करतो.

बाहेरचा आधार तुटका असतो. कैदेतल्या पुरुषाला बायको नेमाने भेटते. स्त्रीच्या मुलाखतीला (तुरुंगातल्या भेटीला) येते ती आई किंवा बहीण, नवरा क्वचित. गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणहून उत्तरेचे कोलवाळ गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. गोवा मुक्तिलढ्यात १९५५ मध्ये म्हापशात अटक झालेल्या सुधाताई जोशींच्या कैदेचा गोव्याने अभिमान बाळगला. चोरीच्या आरोपातल्या बाईचे नावही घरात घेतले जात नाही.

म्हणूनच भांडणाबद्दल मुलाखत बंद करण्याची शिक्षा सर्वांत घातक. संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांपैकी २३ वा नियम स्त्रीची कुटुंबाशी, विशेषतः मुलांशी, भेट शिक्षा म्हणून तोडण्यास मनाई करतो.