सात किलो डाळ, साडेपाच मीटर कापड आणि तीन टक्के घरभाडं

कामगार संघटनांच्या मागण्यांमध्ये २०१६ सालच्या देशव्यापी संपापासून एक आकडा सारखा दिसू लागला: किमान पगार महिना १८,००० रुपये. हा आकडा हवेतून आलेला नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे पगार सुचवणाऱ्या सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने नोव्हेंबर २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात त्याचा सगळा हिशेब आहे, अगदी ग्रॅम आणि पैशांपर्यंत. पण तो ओळीओळीने वाचला की दिसतं, खासगी कारखान्यातल्या किंवा दुकानातल्या कामगाराच्या घराला तो जसाच्या तसा बसत नाही. काही मोठे खर्च त्यात धरलेलेच नाहीत, आणि एक मोठी रक्कम अशी आहे की जिचा घरखर्चाशी संबंध नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. १९४८ साली नेमलेल्या रास्त वेतन समितीने तीन पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात खाली किमान वेतन, मध्ये रास्त वेतन आणि वर निर्वाह वेतन. संविधानाच्या अनुच्छेद ४३ मध्ये जे ध्येय सांगितलं आहे ते या वरच्या पायरीचं. म्हणजे नुसतं जगण्यापुरतं नाही, तर मुलांचं शिक्षण, आजारपण, थोडी करमणूक आणि म्हातारपणाची तजवीज होईल इतकं. सरकारी अधिसूचनेतलं किमान वेतन मिळालं म्हणजे घर चालेलच, असा याचा अर्थ होत नाही.

हिशेबाचा पाया १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत घातला गेला. कमावता एक माणूस, त्याच्यामागे कुटुंबाची तीन उपभोग एककं (एक एकक म्हणजे एका प्रौढ पुरुषाची गरज). नवरा १, बायको ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६, बेरीज ३. प्रत्येक एककाला रोज २,७०० कॅलरी. चौघांना मिळून वर्षाला ७२ वार कापड. सरकारी औद्योगिक घरांच्या योजनेतलं किमान भाडं. आणि इंधन, दिवाबत्ती, किरकोळ यांसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. आहाराचं माप वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांचं. हे १९३५ ते १९४५ या काळात कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. हीच संस्था पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

२,७०० हा आकडा जुना म्हणून मोडीत काढण्याची घाई करू नये. याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाला २,७१० कॅलरी लागतात. मध्यम कष्टाच्या स्त्रीला २,१३०, सूत्रातल्या ०.८ एककाचे होतात २,१६०. इथवर जुना हिशेब चक्क जुळतो. बिघडतो तो मुलांपाशी. ०.६ एकक म्हणजे १,६२० कॅलरी, आणि एवढी गरज साधारण सात-आठ वर्षांच्या मुलाची असते. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला ३,३२० आणि मुलीला २,५०० कॅलरी लागतात. घरात कॉलेजात जाणारा मुलगा असेल तर तो सूत्रातल्या दोन मुलांपेक्षा जास्त जेवतो, हे कुठल्याही आईला सूत्राशिवाय ठाऊक असतं. कमावता माणूस हमाल असेल तर त्याची स्वतःची गरज ३,४७० पर्यंत जाते. आणि घरातल्या म्हाताऱ्या आईवडिलांचं एकक या सूत्रात शून्य आहे.

केंद्र सरकारने अनूप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने (अहवाल २०१९) यात बदल सुचवला. कॅलरी २,४०० केल्या, पण एककं ३ वरून ३.६ वर नेली. पुष्कळांनी फक्त पहिला बदल पाहिला आणि 'कामगाराचं ताट कापलं' अशी ओरड केली. गुणाकार करून पाहा: २,७०० गुणिले ३ म्हणजे ८,१००, तर २,४०० गुणिले ३.६ म्हणजे ८,६४०. कुटुंबाच्या एकूण कॅलरी वाढल्या आहेत. शिवाय या समितीने प्रत्येक एककामागे रोज ५० ग्रॅम प्रथिनं आणि ३० ग्रॅम स्निग्धांशाची अट घातली, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. नुसत्या कॅलरीच भरायच्या तर तांदूळ-गव्हाच्या पाऊण किलोहून थोड्या जास्त धान्यात २,७०० भरतात. तेल आणि साखर वाढवली तर आणखी स्वस्तात भरतात. असा आहार कागदावर पुरेसा असतो आणि अंगात रक्त नसतं.

वेतन आयोगाने मात्र सरळ शिधाच मोजला. एका एककाला रोज ४७५ ग्रॅम तांदूळ किंवा गहू, ८० ग्रॅम डाळ, तीन प्रकारच्या मिळून ३०० ग्रॅम भाज्या, १२० ग्रॅम फळं, २०० मिलिलिटर दूध, ५६ ग्रॅम साखर किंवा गूळ, ४० ग्रॅम तेल. याला तीन एककं आणि तीस दिवसांनी गुणलं की महिन्याची यादी तयार होते: धान्य ४२.७५ किलो, डाळ ७.२ किलो, दूध १८ लिटर, तेल ३.६ किलो. वर ९० अंडी, ५ किलो मटण, अडीच किलो मासे, साबण-सोडा आणि साडेपाच मीटर कापड, म्हणजे वर्षाला ६६ मीटर. १९५७ च्या ७२ वारांचं हे मीटरमधलं भाषांतर. या सगळ्याची तेव्हाच्या भावांनी बेरीज झाली ९,२१७ रुपये ९९ पैसे.

घरी असा हिशेब मांडणारे इथे दोन ठिकाणी चुकतात. पहिली गोष्ट, यादीतलं वजन खाण्याजोग्या भागाचं आहे की बाजारातून आणलेल्या मालाचं, हे ठरवत नाहीत. केळ्याच्या वजनात तिसरा हिस्सा सालीचा असतो. मटाराच्या शेंगांत तर निम्म्याहून जास्त टरफल. पोषणाच्या तक्त्यातले ग्रॅम खाण्याजोगे असतात आणि भाव मात्र सालासकट मोजावा लागतो. दुसरी गोष्ट, एकाच महिन्याचा भाव घेतात. तूरडाळ २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये किलोला २०० रुपयांवर गेली होती. डाळ १०० रुपयांनी महागली तर ७.२ किलोमागे एका घराला महिन्याला ७२० रुपये जास्त लागतात. त्यामुळे बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, आणि भावही घाऊक बाजाराचा न घेता कामगार जिथून पाव किलो, अर्धा किलो घेतो त्या दुकानाचा घ्यायचा. सुट्टा माल महाग पडतो.

खरी गडबड मात्र टक्क्यांत होते. '२० टक्के इंधन-वीज' म्हणजे ९,२१८ वर २० टक्के नव्हे. ते एकूण रकमेच्या २० टक्के आहेत, त्यामुळे १.२० ने गुणायचं नाही, ०.८० ने भागायचं. आयोगाने तसंच केलं आणि रक्कम ११,५२२ झाली. सण-समारंभ आणि करमणूक १५ टक्के, म्हणून ०.८५ ने भागून १३,५५६. मग कुशलतेपोटी २५ टक्के. हे मात्र वरून मिळवले, म्हणून १६,९४५. घरासाठी ३ टक्के, ०.९७ ने भागून १७,४६९. शेवटी महागाईपोटी ३ टक्के वाढ, १७,९९३. गोळाबेरीज १८,०००.

आता या साखळीतल्या कड्या वेगळ्या करून बघू. कुशलतेचे २५ टक्के घालायचं कारण असं की, केंद्र सरकारात आता अकुशल दर्जाची पदंच उरलेली नाहीत. ती कडी काढली तर उत्तर १४,३९४ येतं. उलट बाजूला, सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रेप्टाकोस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधपाणी, सण-करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी जे २५ टक्के सांगितले, त्यातले आयोगाने १५ टक्केच घेतले. सरकारी नोकराला शिक्षण आणि वैद्यकीय सोयी वेगळ्या मिळतात, म्हणून. घरभाड्याचे ३ टक्के पाहून हसू येईल, पण त्याचंही कारण तेच: क्वार्टर मिळतं, नाहीतर घरभाडे भत्ता. मुंबई-पुण्यात हा भत्ता सध्या मूळ वेतनाच्या ३० टक्के आहे, म्हणजे १८,००० वर ५,४००. भांडुपच्या कारखान्यातला कामगार १८,००० मागतो तेव्हा तो या ५,४०० वर नकळत पाणी सोडत असतो.

२०२० साली केंद्राने वेतन संहितेच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यातलं सूत्र असं: तीन एककं, २,७०० कॅलरी, ६६ मीटर कापड, भाडं म्हणून अन्न-कपड्यांच्या खर्चाच्या १० टक्के, इंधन-वीज-किरकोळ यांना वेतनाच्या २० टक्के, शिक्षण, औषधपाणी, करमणूक आणि अडीअडचण यांना वेतनाच्या २५ टक्के. बीजगणित मांडलं तर उत्तर मजेशीर येतं. अन्न आणि कापड मिळून १०० रुपये धरा. भाडं १०, झाले ११०. हे ११० म्हणजे वेतनाचे उरलेले ५५ टक्के. म्हणून वेतन २००. सगळं सूत्र एका ओळीत येतं: किराणा आणि कपडे, त्याची दुप्पट. हेच टक्के चुकून ११० वर मिळवले तर १५९ रुपये ५० पैसे येतात. म्हणजे एका शब्दाच्या चुकीच्या वाचनाने वीस टक्के पगार गेला.

याच हिशेबातून भाडं निघतं वेतनाच्या ५ टक्के. योगायोग म्हणजे महाराष्ट्राच्या १९८३ च्या किमान घरभाडे भत्ता कायद्यातही वेतनाच्या ५ टक्केच आहेत, आणि तो कायदा ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. महिना १५,००० मिळवणाऱ्याला ७५० रुपये. या भाड्यात मुंबईत काय, पिंपरीतही खोली मिळत नाही. सरकारच्याच औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात (पायाभूत वर्ष २०१६) घराचा भार (म्हणजे एकूण खर्चात धरलेला वाटा) १६.८७ टक्के आहे आणि अन्न-पेयांचा ३९.१७. आधीच्या २००१ च्या मालिकेत अन्न-पेयांचा ४६.२० होता. कामगाराच्या खर्चातला ताटाचा हिस्सा कमी होतो आहे आणि छप्पर, दवाखाना, शाळा, प्रवास यांचा वाढतो आहे. सूत्र मात्र अजून ताटाला धरून बसलं आहे.

मग खरं भाडं घालावं का? घालावंच, पण टक्क्यांच्या साखळीत नव्हे. वरच्या सूत्रात खरं भाडं टाकलं तर भाड्याच्या दर १,००० रुपयांमागे वेतन १,८१८ ने फुगतं, कारण किरकोळ खर्चही भाड्याच्या प्रमाणात वाढतो असं ते मानतं. तसं होत नाही. भाडं वाढलं म्हणून कुणाचं विजेचं बिल वाढत नाही. रिचर्ड आणि मार्था अँकर या अर्थतज्ज्ञांची पद्धत इथे बरी आहे. अन्न वेगळं मोजायचं. घराचे निकष ठरवायचे (पक्क्या भिंती, न गळणारं छप्पर, संडास, पाणी, पुरेशी जागा) आणि तशा घराचं त्या भागात चालू असलेलं भाडं विचारून यायचं. इतर खर्च घरखर्चाच्या पाहणीतल्या प्रमाणावरून काढायचा, शाळा आणि दवाखान्याचा आकडा प्रत्यक्ष ताडून घ्यायचा. वर साधारण ५ टक्के अडीअडचणीला.

अँकर पद्धतीत यानंतर एक भागाकार आहे आणि वाद तिथेच होतो. १९५७ च्या सूत्रात एकच कमावता. अँकर विचारतात, कुटुंबात सरासरी किती पूर्ण पगार येतात? समजा एखाद्या शहरात कामाच्या वयातल्या १०० पुरुषांपैकी ९५ आणि १०० स्त्रियांपैकी ३५ पूर्णवेळ कमावतात. म्हणजे जोडप्यामागे १.३ पगार. घरखर्च २६,००० असेल तर निर्वाह वेतन २०,००० ठरतं. गणित बरोबर, पण ज्या घरात खरोखर एकच कमावता आहे ते घर ६,००० ने तुटीत गेलं. आणि जिथे दोघं कमावतात तिथे पाळणाघर, दुसरा रेल्वे पास आणि अधूनमधून विकतची पोळी-भाजी हे खर्च यादीत नसतात. भागाकार करायचा तर हे खर्च आधी मिळवून करावा. ते न करता केलेला भागाकार मालकाच्या सोयीचा असतो.

आतापर्यंतचे आकडे हातात लागणाऱ्या पैशांचे आहेत. पगारपत्रकावरचा आकडा काढायला कपाती उलट्या फिरवाव्या लागतात. घरी १२,००० यायला हवेत असं धरा आणि सगळा पगार मूळ वेतन व महागाई भत्ता आहे असं माना. भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्के, पुरुष कामगाराला महाराष्ट्रात व्यवसाय कर २०० रुपये (फेब्रुवारीत ३००). १२,२०० ला ०.८७२५ ने भागलं की १३,९८३ येतात. महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही; त्यांच्यासाठी आकडा १३,७५४.

१३,९८३ ची रोजंदारी करताना २६ ने, म्हणजे आठवड्याच्या सुट्ट्या वगळून उरलेल्या कामाच्या दिवसांनी, भागायचं: ५३८ रुपये. सत्पथी समितीचे रोजचे ३७५ रुपये (जुलै २०१८ च्या भावांनी) आणि महिन्याचे ९,७५० यांच्यातही २६ चाच संबंध आहे. ३० ने भागलं तर रोज येतो ४६६. आठवड्याची सुट्टी बिनपगारी असेल तर २६ दिवसांचे जेमतेम १२,११९ होतात आणि कपातीनंतर घरी साडेदहा हजारही जात नाहीत. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराला कपात नसते, पण काम रोज नसतं. त्याला महिन्यात १८ दिवस काम मिळत असेल, तर त्याच १२,००० साठी त्याचा रोज ४६२ (१२,००० भागिले २६) नव्हे, ६६७ रुपये असायला हवा.