खिशातला बीकन आणि पाण्यात पडलेला माणूस

पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे पीएलबी, ही संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारी, मुठीत मावणारी डबी. साताऱ्या-सांगलीहून रत्नागिरी-मालवणला शिडाच्या होडीवर जाणारे, किंवा कोयनेच्या शिवसागरात छोटी होडी घालणारे ती घेतात तेव्हा समज असा असतो की माणूस पाण्यात पडला की त्याच्या होडीला लगेच कळेल. पीएलबी होडीला काहीच कळवत नाही, आणि त्याचे कारण तिच्या जन्मात आहे.

१६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कात एक छोटे विमान बेपत्ता झाले. त्यात हेल बॉग्ज आणि निक बेगिच हे अमेरिकी काँग्रेसचे दोन सदस्य होते. प्रचंड शोध घेऊनही विमान सापडले नाही. त्यानंतर विमानांवर आपत्ती-प्रेषक हवाच, या मागणीने जोर धरला. पण १२१.५ मेगाहर्ट्‌झवरचा तो आवाज ऐकायला वरून दुसरे विमान जावे लागे. यावर उपग्रहाचा उपाय निघाला. फाटकावरून जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याचा सूर जसा बदलतो, तशी उपग्रह सरकताना बीकनची वारंवारता बदलते. त्या बदलावरून जागा काढता येते. १९७९ मध्ये अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी कॉस्पास-सारसॅट या उपग्रहांवरून शोध-बचाव करण्याच्या व्यवस्थेचा करार केला. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे घडले, ही गोष्ट आजही नवलाची वाटते. ३० जून १९८२ रोजी पहिला उपग्रह गेला आणि १० सप्टेंबरला ब्रिटिश कोलंबियात पडलेल्या विमानातले तिघे त्याच्या मदतीने वाचले.

जुन्या १२१.५ च्या बीकनला स्वतःची ओळख नव्हती, जागेत सुमारे २० किलोमीटरची चूक यायची आणि खोट्या इशाऱ्यांचा पाऊस पडायचा. म्हणून १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी ती वारंवारता ऐकणे बंद केले. आता ती फक्त जवळ आलेल्या शोधपथकाला दिशा दाखवण्यापुरती बीकनमध्ये उरली आहे. खरा इशारा ४०६ मेगाहर्ट्‌झवर जातो: साधारण दर ५० सेकंदांनी, ५ वॅट ताकदीचा, अर्ध्या सेकंदाचा डिजिटल ठोका. त्यात १५ अक्षरी ओळख असते आणि जीपीएस असेल तर जागाही. पीएलबीची बॅटरी किमान २४ तास चालावी लागते. होडीवर बसवायच्या ईपर्बची ४८ तास.

भारतात हे इशारे बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात येतात. इन्सॅट-३डीआर हा आपला भूस्थिर उपग्रह ७४ अंश पूर्वेवर आहे, म्हणजे जवळपास साताऱ्याच्याच रेखांशावर. इथून तो दक्षिणेला सुमारे ७० अंश उंच दिसतो, त्यामुळे तापोळा-बामणोलीचे डोंगर त्याच्या आड येत नाहीत. मात्र भूस्थिर उपग्रह बीकनच्या मानाने हलत नाही, म्हणून वारंवारतेवरून जागा काढता येत नाही. या उपग्रहामार्फत जागा कळायला पीएलबीत जीपीएस हवाच.

समुद्रावरचा इशारा बेंगळुरूहून तटरक्षक दलाच्या मुंबईसारख्या समन्वय केंद्राकडे जातो आणि तिथून जहाज किंवा विमान निघते. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडून जायबंदी झालेल्या भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांच्यापर्यंत फ्रेंच गस्ती जहाज पोहोचायला सुमारे तीन दिवस लागले. ते होडीतच होते म्हणून तेवढे थांबता आले.

पाण्यात पडलेल्याचे गणित वेगळे. ६ नॉट वेगाने चाललेली होडी सेकंदाला ३ मीटर पुढे जाते. शीड उतरवून वळेपर्यंत पाच मिनिटे गेली तर अंतर ९०० मीटरच्या वर, आणि लाटांत डोके त्याच्या आधीच दिसेनासे होते. सर्वांत जवळचा वाचवणारा म्हणजे तीच होडी, आणि पीएलबी बोलते बेंगळुरूशी. शिवाय ती आपोआप सुरू होत नाही: अँटेना उलगडायची, झाकण काढायचे, बटण दाबून धरायचे आणि मग अँटेना पाण्याबाहेर उभी धरून ठेवायची. शुद्ध हरपलेल्याला यातले काही जमत नाही.

ही फट एआयएसवर, म्हणजे जहाजांनी एकमेकांना आपली ओळख आणि जागा रेडिओवरून कळवण्याच्या व्यवस्थेवर, चालणाऱ्या यंत्रांनी भरली. लाईफ जॅकेटच्या आत, तोंडाने हवा भरायच्या नळीला ते बांधतात. जॅकेट फुगले की फीत ओढली जाऊन यंत्र सुरू होते. मग ९७२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकासह जागा होडीच्या प्लॉटरवर (नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावर) आणि आसपासच्या जहाजांवर दिसते. होडीची अँटेना डोलकाठीच्या टोकावर असेल तर पल्ला साधारण ४ सागरी मैल, मागच्या कठड्यावर असेल तर बराच कमी. पहिली जागा यायला मिनिटभर लागू शकतो, म्हणून प्लॉटरवरचे एमओबी (माणूस पाण्यात पडल्याची जागा टिपणारे) बटण हाताने दाबायचेच आणि एकाने बोट रोखून पाण्याकडे पाहत राहायचे.

बिघडते ते बहुतेक बसवताना. फीत जॅकेटच्या घडीत उलटी अडकते, अँटेना फुग्याखाली दबते. जुना प्लॉटर या क्रमांकाला साधे जहाज समजतो आणि भोंगा वाजवत नाही; नव्यावरही कोणीतरी कंटाळून एआयएसचा गजर बंद केलेला असतो. चाचणी घेतली तर हे किनाऱ्यावरच कळते. अलीकडे पीएलबी आणि एआयएस एकाच डबीत मिळतात, पण ती आपोआप सुरू होते का, हे विचारूनच घ्यावी.

शिवसागरात मात्र एआयएस ऐकणारे दुसरे कोणी जवळपास नसते, आणि बेंगळुरूमार्गे मदत येण्याआधी काठावरची लाँच येईल. तिथे मांड्यांतून पट्टा असलेले जॅकेट, शिट्टी आणि १५ ते २० मीटरची फेकायची दोरी यांवर आधी पैसे खर्चावेत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी कृष्णेच्या पुरात ब्रह्मनाळजवळ बोट उलटून माणसे गेली, तेव्हाही जागा सगळ्यांना ठाऊक होती; अशा ठिकाणी बीकनचा काही उपयोग नसतो. शिवसागरात तो उपयोगी पडेल तो होडी उलटून सगळेच पाण्यात आणि फोनला रेंज नाही अशा वेळी.

परदेशातून आणलेल्या पीएलबीत त्या देशाचा कोड असतो, भारताचा ४१९. कोड परदेशी राहिला तर मालकाची माहिती त्या देशाच्या नोंदवहीत शोधली जाते आणि तिथे नाव नसेल तर तपासाचा वेळ वाया जातो. म्हणून कोड बदलून घेऊन बेंगळुरूच्या केंद्राकडे नोंदणी करावी आणि त्यात घरी राहणाऱ्या, होडी कुठे गेली हे ठाऊक असलेल्या माणसाचा फोन द्यावा.