बोलतं करण्याची घाई

मोठी आग विझते, मृतदेह बाहेर काढले जातात, बंब केंद्रात परततात. अशा वेळी जवानांना समोर बसवून ‘काय पाहिलंस ते सगळं सांगून टाक, मन मोकळं होईल’ म्हणणं कुणालाही माणुसकीचंच वाटेल. जेफ्री मिशेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली हाच विचार एका पद्धतीत बांधला. ते स्वतः आधी अग्निशमन दलात होते, त्यामुळे ही माणसं काय पाहून घरी जातात हे त्यांना ठाऊक होतं. घटनेनंतर एक ते तीन दिवसांत तुकडीला एकत्र बसवायचं आणि काय घडलं, मनात काय आलं, सर्वांत वाईट क्षण कोणता, हे सात टप्प्यांत बोलून घ्यायचं. ‘डीब्रीफिंग’ नावानं ही पद्धत झपाट्यानं पसरली. मग एकेकट्या रुग्णाला आणि अपघातग्रस्तालाही असंच एका बैठकीत बोलतं केलं जाऊ लागलं.

तिचा उपयोग होतो का, हे मोजून पाहिलं गेलं ते बरंच नंतर. वेल्समधल्या संशोधकांनी भाजलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला अशी एक बैठक दिली, दुसऱ्याला काहीच नाही. १९९७ साली निष्कर्ष आले. १३ महिन्यांनी बैठक मिळालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांना आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी होता. न मिळालेल्यांत ९ टक्के. बैठक मिळालेल्या गटातल्या जखमा मुळातच थोड्या जास्त गंभीर होत्या, हे इथे सांगायलाच हवं. शिवाय हे रुग्ण होते, एकमेकांना ओळखणारी तुकडी नव्हे, असा मिशेल यांच्या समर्थकांचा आक्षेप आहे. पण ऑक्सफर्डमध्ये रस्ते अपघातातल्या जखमींवर झालेला अभ्यासही त्याच दिशेनं गेला. सुरुवातीला ज्यांना सर्वाधिक त्रास होता, त्यांपैकी बैठक मिळालेले तीन वर्षांनीही त्रासातच होते, न मिळालेले बरेच सावरले होते. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक सूचनांनी २००५ साली स्पष्टच सांगितलं, की अशी एकच बैठक सरसकट देऊ नये.

असं का व्हावं? एक स्पष्टीकरण मला पटतं. धक्क्यानंतर शरीर अजून ताणाखाली, सावध असतं आणि त्या वेळी स्रवणारी संप्रेरकं आठवण पक्की करतात. त्याच अवस्थेत तपशील उगाळायला लावले आणि नंतर माणसाला घरी पाठवलं, तर आठवण ताजी होते, पण भीती उतरायला वेळच मिळत नाही. मुळात बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपापली सावरतात. झोप, घरची माणसं, सोबत काम करणाऱ्यांचा आधार हीच त्या दिवसांतली खरी मदत. म्हणून आता मानसिक प्रथमोपचारात माणूस सुरक्षित आहे ना, काही खाल्लं का, घरी फोन झाला का, हे आधी पाहतात. बोलायचं असेल तर ऐकायचं. नसेल तर खोदून विचारायचं नाही.

महिना उलटल्यावरही वाईट स्वप्नं, दचकणं, जळका वास आला की छाती धडधडणं थांबलं नाही, तर मात्र उपचार लागतात. आणि गंमत नव्हे, हे फार महत्त्वाचं आहे: इथे तीच गोष्ट पुन्हा सांगायची असते. फिलाडेल्फियाच्या मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात सांगतो, त्याच बैठकीत पुन्हा सांगतो, आणि तिचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकतो. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येक सुमारे दीड तासाची. सोबतीला टाळलेल्या गोष्टींकडे, म्हणजे त्या गल्लीकडे, त्या जिन्याकडे टप्प्याटप्प्यानं जायचं. भीती पुसली जात नाही. जुनी पायवाट राहतेच, शेजारी नवी पडते आणि मन हळूहळू नवीवरून चालू लागतं. एका बैठकीत हे होत नाही. त्याला पुन्हापुन्हा जावं लागतं, आणि थेरपिस्टनं तोवर सोबत टिकावं लागतं.

भीतीपेक्षा अपराधभाव अवघड. मे २०१५ मध्ये मुंबईतल्या काळबादेवीच्या आगीनं अग्निशमन दलाचे चार अधिकारी हिरावून नेले. अशा घटनेतून वाचलेल्याच्या मनात ‘मी तिथे असतो तर’ हे वाक्य ठाण मांडून बसू शकतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांच्या, साधारण १२ बैठकांच्या उपचारात थेरपिस्ट धीर देत नाही, प्रश्न विचारतो: त्या क्षणी तुला काय माहीत होतं? दुसरा पर्याय खरंच होता का? तो निवडला असता तर काय झालं असतं? पण कधी अपराधभावाला खरा आधार असतो. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांबरोबर बॉस्टनमध्ये काम केलेले मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी रूढ केलेला ‘नैतिक जखम’ हा शब्द आज अशा वेदनेसाठीही वापरला जातो. तिथे ‘तुझी चूक नव्हती’ हे वाक्य खोटं ठरतं, आणि सैनिकाला खोटं लगेच कळतं.

हे उपचार जादू नाहीत. अमेरिकी सैनिकांवरच्या प्रयोगांचा २०१५ सालचा आढावा सांगतो, की अनेकांचा त्रास कमी झाला, तरी उपचारानंतरही सुमारे दोन तृतीयांश जणांत पीटीएसडीचं निदान कायम होतं. काहींनी तर बैठका मध्येच सोडल्या.

आपल्याकडे अडचण त्याहून आधीची. खाकी किंवा लष्करी गणवेशातला माणूस दाराशीच अडतो, कारण वरिष्ठांना कळलं तर शस्त्र जाईल, बढती अडेल ही भीती. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं, आणि सैन्यदलातल्यांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. तरीही पहिल्या भेटीत थेरपिस्टनं एक गोष्ट न विचारता सांगायला हवी: इथलं काय दलाकडे जाईल, काय जाणार नाही, आणि जीवाला धोका असेल तर काय करावं लागेल. हे आधी सांगितलं, तर समोरचा दुसऱ्या भेटीला यायची शक्यता वाढते.