दान्नून्त्स्यो, गाब्रिएले

(१२ मार्च १८६३–१ मार्च १९३८). इटालियन कवी, कादंबरीकार, नाटककार व राजकीय नेता. जन्म पेस्कारा येथे. त्याचे खरे आडनाव रापान्येत्ता होते, असे काही जुन्या ग्रंथांत आढळते. ते ग्राह्य वाटत नाही. रापान्येत्ता हे वडिलांचे मूळ कुलनाम. ते दान्नून्त्स्यो घराण्यात दत्तक गेले ते गाब्रिएलेच्या जन्मापूर्वीच.

‘प्रीमो व्हेरे’ (१८७९) या पहिल्या काव्यसंग्रहावर इटालियन कवी कार्दूच्चीची छाप उघड दिसते. ‘इल प्याचेरे’ (१८८९) ही कादंबरी व अभिनेत्री एलेओनोरा दूझे हिच्या सहवासात लिहिलेली नाटके गाजली. मात्र त्याची खरी प्रतिभा ‘आल्चोने’ (१९०३) या संग्रहातील नादमय निसर्गकवितेत आहे. १८९७ मध्ये तो संसदेवर निवडून आला आणि १९०० मध्ये उजवी बाजू सोडून डाव्या बाकांवर जाऊन बसला. कर्जबाजारी झाल्यामुळे १९१० मध्ये त्याने फ्रान्स गाठले.

‘काबिरिया’ (१९१४) या मूकपटाच्या जाहिरातींत लेखक म्हणून त्याचेच नाव ठळकपणे झळकले. रोम व कार्थेज यांच्यातील दुसऱ्या प्यूनिक युद्धाच्या पार्श्वभूमीवरील या भव्य चित्रपटाची कथा व मांडणी वस्तुतः दिग्दर्शक जोव्हान्नी पास्त्रोने याची. दान्नून्त्स्योने मोठा मोबदला घेऊन शीर्षक, पात्रांची नावे व पडद्यावरील मजकूर यांना अंतिम रूप दिले, हे मत आता बहुतेक अभ्यासक मान्य करतात व तेच अधिक सयुक्तिक आहे. तरीही त्याचा वाटा केवळ नावापुरता मानणे अन्यायाचे ठरेल. त्या भारदस्त मजकुरामुळे आणि कवीच्या प्रतिष्ठेमुळे सुशिक्षित प्रेक्षक चित्रपटाकडे गांभीर्याने पाहू लागला. ‘माचिस्ते’ हे त्यातील बलदंड गुलामाचे नाव तर पुढे एका चित्रपटमालेचेच झाले. तत्पूर्वी, १९११ च्या सुमारास, तूरिनच्या आंब्रोझ्यो कंपनीने त्याच्या काही कृती पडद्यावर आणल्या होत्या.

१९१५ मध्ये मायदेशी परतून त्याने इटलीने युद्धात उतरावे म्हणून भाषणे केली. विमान-अपघातात एका डोळ्याची दृष्टी गेली (१९१६), तरी ९ ऑगस्ट १९१८ रोजी त्याने व्हिएन्नावर विमानांतून पत्रके टाकण्याच्या मोहिमेचे नेतृत्व केले. १२ सप्टेंबर १९१९ रोजी सशस्त्र अनुयायांसह त्याने फ्यूमे (आजचे क्रोएशियातील रिएका) शहर ताब्यात घेतले. तेथील १९२० च्या सनदेचा मूळ मसुदा कामगारनेते आल्चेस्ते दे आंब्रीस यांचा. संगीताला राज्यसंस्थेत स्थान देणारी कलमे मात्र कवीची मानली जातात. डिसेंबर १९२० मध्ये इटालियन सैन्यानेच त्याला तेथून हटविले. सज्जातून जमावाशी सवाल-जबाब करण्याची त्याची पद्धत मुसोलिनीने उचलली. १९२४ मध्ये त्याला मोंतेनेव्होझोचा प्रिन्स हा किताब मिळाला. गार्दोने रिव्येरा येथे त्याचे निधन झाले.