जीव्हज आणि ब्लँडिंग्ज: वुडहाउसची दोन घरं

इंग्रज विनोदी लेखक पी. जी. वुडहाउसचा विषय निघाला की कुणीतरी लगेच म्हणतं, "तो जीव्हज बटलरवाला ना?" वुडहाउसवाला बरोबर, पण बटलर चूक. जीव्हज हा बर्टी वूस्टर या श्रीमंत, निरुद्योगी तरुणाचा व्हॅले, म्हणजे एकाच माणसाची उठबस बघणारा. सकाळचा चहा, कपडे, प्रवासाच्या बॅगा ही त्याची कामं. बटलर आहे तो बीच, ब्लँडिंग्ज कॅसलमधला. वाड्यातले नोकर, चांदीची भांडी, वाइनचं तळघर, सगळं त्याच्या हाताखाली.

ही नुसती हुद्द्याची गल्लत असती तर सोडून दिली असती. पण तिच्यामागे दोन वेगळ्या गोष्टमाला आहेत. दोन्ही सुरू झाल्या १९१५ मध्येच, आणि दोन्हींत हसू वेगवेगळ्या जागेवरून येतं.

जीव्हजच्या गोष्टी बर्टी स्वतः सांगतो, हीच खरी खुबी. त्याला कविता अर्धवट आठवते, शब्द सापडत नाही, मग तो एखादा नवाच घडवतो. 'द कोड ऑफ द वूस्टर्स' (१९३८) मध्ये जीव्हजबद्दल तो म्हणतो, की गडी 'डिसग्रन्टल्ड' (म्हणजे नाराज) नसला तरी 'ग्रन्टल्ड' मुळीच नव्हता. 'डिस' काढला की उरतो तो शब्द कुणी वापरतच नाही! कथानक काढून घेतलं तरी हे वाक्य हसवतं. म्हणूनच बर्टी नसलेली, तृतीयपुरुषी 'रिंग फॉर जीव्हज' (१९५३) मला फिकी वाटते. गंमत म्हणजे, तिथे मात्र जीव्हज खरोखर बटलर आहे.

ब्लँडिंग्जमध्ये सांगणारा लेखक. श्रॉपशरमधला वाडा, विसरभोळा लॉर्ड एम्सवर्थ, त्याच्यावर डाफरणारी बहीण कॉन्स्टन्स, खोट्या नावानं घुसलेले पाहुणे. इथे प्रसंग रचला जातो, एकावर एक चढत जातो. एका कथेत एम्सवर्थची लाडकी डुकरीण, एम्प्रेस, खाणं सोडते, कारण तिला सांभाळणारा चौदा दिवसांसाठी तुरुंगात गेलाय. तिला जिथे उतरवायचंय ते प्रदर्शन तोंडावर आलंय. मग डुकरांना बोलावण्याची एक खास आरोळी उमरावसाहेब शिकून घेतात आणि तिच्या खुराड्यापाशी देतात. बीचलाही द्यायला लावतात. इतका भारदस्त माणूस, रात्री, डुकरिणीला साद घालतोय! इथे हसू शब्दांत कमी आणि त्या माणसाच्या हुद्द्यात जास्त आहे. व्हॅलेनं ती आरोळी दिली असती तर एवढी मजा आली नसती.

नव्यानं वाचणाऱ्याला इंग्रजी जरा जड जात असेल, तर मी आधी ब्लँडिंग्ज हातात देते. प्रसंग कळला की काम झालं. बर्टीसाठी मात्र वाक्य मोठ्यानं वाचावं लागतं, कधी दोनदा.