रूप बदलणारे रोबो: कागदावरची सूट आणि प्लास्टिकचा हिशेब

एप्रिल १९७४ मध्ये जपानच्या फुजी टीव्हीवर ‘गेट्टा रोबो’ ही मालिका सुरू झाली. गो नागाई आणि केन इशिकावा यांची कल्पना झकास होती. तीन विमाने हवेत एकामागोमाग एक येऊन एकमेकांवर आदळतात आणि त्यांचा एक रोबो होतो. विमानांचा क्रम बदलला की रोबोही बदलतो: एक उडणारा, एक हाताला ड्रिल लावून जमिनीवर धावणारा, एक पाण्यात लढणारा. पडद्यावर हे बिनबोभाट चालते, कारण तिथले पोलाद मेणासारखे वितळते. विमानाच्या पोटातून हात फुटतात, पंख गडप होतात आणि कोणी विचारायला येत नाही. दुकानात मात्र पोपी कंपनीचे तीन गेट्टा तीन वेगळी खेळणी म्हणून विकले जात. एकाचा दुसरा करता येत नसे.

रूप बदलणाऱ्या रोबोंचा पुढचा सगळा इतिहास या फटीतून निघाला आहे. वाहन असताना रोबोचे हात कुठे असतात आणि रोबो झाल्यावर चाके कुठे जातात, याचे उत्तर चित्रकाराला द्यावे लागत नाही. साचा बनवणाऱ्याला ते द्यावेच लागते.

मुळात खेळणी बनवणाऱ्यांचा शब्द मालिकांत इतका का चालत असे, हे आधी पाहायला हवे. जपानी रोबो-मालिकांचा खर्च बहुतेक वेळा खेळण्यांची कंपनीच उचलायची. बंडाईने १९७१ मध्ये काढलेल्या पोपी या उपकंपनीला ‘माझिंगर झेड’ या रोबो-मालिकेने चांगलेच दिवस दाखवले. १९७४ मध्ये त्यांनी ‘चोगोकिन’ नावाने ओतीव धातूचे रोबो बाजारात आणले. हातात घेतले की वजन जाणवायचे, बटण दाबले की मूठ उडायची. मुलांना ते आवडले आणि मग पुढचा रोबो कसा असावा, हे ठरवणाऱ्या बैठकीत खेळणीवाल्यांची खुर्ची पक्की झाली. पोपीचे डिझायनर कात्सुशी मुराकामी यांचे नाव या काळात सतत येते. आधी मालिका आणि मागून तिचे खेळणे, हा क्रम त्यांच्यासारख्यांनी उलटा केला.

१९७५ चा ‘रायदीन’ हे त्याचे पहिले ठळक फळ. हा रोबो पक्ष्याचे रूप घेई आणि त्याचे खेळणेही तसेच वळे. पुढच्याच वर्षी ‘कॉम्बॅटलर व्ही’ आला. पाच वेगवेगळी यंत्रे एकावर एक बसून रोबो उभा राहायचा: एक डोके, एक छाती आणि हात, एक पोट, एक दोन्ही पाय, एक पावले. गेट्टाच्या तुलनेत ही रचना फारच साधी, जवळजवळ ठोकळ्यांचा मनोरा. पण ती खरी होती. पडद्यावर जे दिसते ते मूल जमिनीवर बसून स्वतः करू शकत होते. शिवाय पूर्ण रोबो हवा तर पाचही यंत्रे हवीत, हा धंद्याचा भाग होताच.

१९७७ ची ‘व्होल्टेस फाइव्ह’ याच साच्यातली. ती फिलिपिन्समध्ये इतकी गाजली, की १९७९ मध्ये मार्कोस सरकारने शेवटचे काही भाग उरले असतानाच तिच्यावर बंदी घातली. कारण हिंसेचे सांगितले गेले. मालिकेत जुलमी सत्तेविरुद्ध बंड आहे, हे लोकांनी आपापले लक्षात घेतले. खेळण्यांच्या जाहिरातीसाठी काढलेल्या गोष्टीला असे नशीब क्वचितच लाभते.

१९७९ चा ‘गंडाम’ युद्धकथा म्हणून वेगळ्या वाटेने गेला, पण तिथेही प्रायोजक क्लोव्हर कंपनीची खेळणी खपायला हवी होती. गंडामच्या कमरेत घडी होऊन बसणारे छोटे विमान त्या काळाची खूण आहे. मालिका ५२ भागांची ठरली होती, ती ४३ भागांत गुंडाळली गेली. मग जुलै १९८० मध्ये बंडाईने ३०० येनला प्लास्टिकचे मॉडेल काढले आणि मालिकेचे नशीब फिरले. ही मॉडेले रूप बदलत नव्हती. नुसती नीट दिसत होती आणि सांधे हलत होते, तेवढे मोठ्या मुलांना पुरले.

पण या विषयातला माझ्या मते सर्वांत हुशार माणूस अजून यायचा होता. शोजी कावामोरी यांचा जन्म १९६० चा. ऑक्टोबर १९८२ मध्ये ‘मॅक्रॉस’ सुरू झाली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. या मालिकेचे व्हीएफ-१ हे लढाऊ विमान अमेरिकन नौदलाच्या एफ-१४ टॉमकॅटवर बेतलेले आहे. टॉमकॅटला दोन इंजिने असतात, एकमेकांपासून अंतरावर, लांबट डब्यांसारखी. कावामोरींनी त्या डब्यांत पाय पाहिले. इंजिनाची मागची नळकांडी म्हणजे पावले. दोन्ही इंजिनांच्या मधल्या रिकाम्या जागेत पोटाखाली हात दुमडून बसतात, डोके तिथेच उलटे दडते आणि त्यावरची लेसर तोफ विमानाचीच तोफ बनते. पंख टॉमकॅटसारखेच मागे मिटतात, मग पाठीवर जातात. विमानाचे नाक खाली वळून रोबोचे धड होते. आता वैमानिकाचे काय, हा प्रश्न उरतो. नाक खाली गेले की तोही खाली तोंड करून लटकणार. म्हणून त्याचे आसन आत सरकते आणि कॉकपिटच्या काचेवर कवच येते. आधीच्या रोबोंत असला विचार कोणी केला नव्हता.

आणखी एक गोष्ट. विमान आणि रोबो यांच्या मधोमध ‘गर्वॉक’ नावाचे तिसरे रूप आहे: वरून विमान, खालून दोन पाय आणि बाजूंनी हात. बदलाच्या वाटेवरचा एक टप्पा कावामोरींनी तसाच राहू दिला आणि त्याला काम दिले. पाय पुढे करून वेग मारायचा, जमिनीलगत तरंगायचे, कोणाला तरी उचलून घ्यायचे. दिसायला ते बदकासारखे असूनही अतिशय पटते.

कावामोरी लेगोच्या ठोकळ्यांतून रूपबदल जुळवून पाहतात, हे आता त्यांच्या चाहत्यांना ठाऊक आहे. यात सगळी मेख आहे. ठोकळा हातात असला की दोन तुकडे एकाच जागी बसवण्याची लबाडी करता येत नाही. ताकातोकू टॉइजने काढलेले १/५५ प्रमाणातले, म्हणजे कल्पित विमानाच्या पंचावन्नाव्या हिश्श्याचे, व्हीएफ-१ पाहिले तर विमान जरा जाड आहे आणि रोबो जरा बुटका, पण तुकडा न काढता एकाचे दुसरे होते. यातही गंमत म्हणजे २००१ मध्ये यामातो कंपनीने अधिक देखणे १/६० चे मॉडेल आणले, तर त्यात रूप बदलताना पाय काढून दुसरीकडे लावावे लागत. विमान सडसडीत हवे, रोबोही उंच हवा आणि काहीही सुटे करायचे नाही, या तिन्ही मागण्या एकदम पुऱ्या करणे अवघड असते. त्यानंतरच्या १/४८ मॉडेलमध्ये ते जमले.

‘मॅक्रॉस’च्या आसपासच्याच वर्षांत टाकारा ही खेळण्यांची दुसरी कंपनी वेगळ्या दिशेने जात होती. तिच्याकडे ‘मायक्रोमॅन’ ही १९७४ पासूनची बाहुल्यांची मालिका होती. कथेप्रमाणे हे वीर खरोखरच दहा-एक सेंटिमीटर उंचीचे. त्यामुळे त्यांच्या जगातले रोबो घरातल्या वस्तूंच्या रूपात, आणि जवळपास त्याच मापात, लपू शकत: पिस्तूल, कॅसेट, कॅसेट प्लेअर. दुसरीकडे १९८० ची ‘डायक्लोन’ होती. तिच्यात १९८२ पासून खऱ्या मोटारी १/६० प्रमाणात आल्या आणि त्यांच्यात बसायला चुंबकी पायांचे इंचभर चालक होते. कावामोरींनी डायक्लोनसाठीही काम केले आहे. या दोन्ही मालिकांचा आपापल्या परीने हिशेब चोख होता.

हा हिशेब अमेरिकेने बिघडवला. हॅस्ब्रो या तिथल्या खेळण्यांच्या कंपनीने दोन्हीकडचे साचे उचलले, एका नावाखाली एकत्र केले आणि १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून विकायला काढले. मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्की यांनी बहुतेक पात्रांना नावे आणि स्वभाव दिले. याच सुमारास अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांतील जाहिरातींवरची बंधने सैल झाली होती, त्यामुळे खेळण्यावर आधारित मालिका रोज दाखवायला आडकाठी उरली नाही. आता खरी पंचाईत पाहा. ऑप्टिमस प्राइम डायक्लोनकडून आलेला, म्हणजे ट्रकच्या मापाचा. मेगॅट्रॉन मायक्रोमॅनच्या घरातला, म्हणजे वॉल्थर पी-३८ पिस्तुलाच्या मापाचा. कथेत मात्र दोघे तोडीस तोड उंच, एकमेकांचे वैरी. मग मेगॅट्रॉन पिस्तूल होताना आकसतो आणि साथीदाराच्या मुठीत जाऊन बसतो. त्याचे टनावारी वजन जाते कुठे, हा विनोद चाळीस वर्षे चालू आहे. कोणा लेखकाची कल्पना भरकटली म्हणून हे झाले नाही. दोन वेगळ्या प्रमाणांतली खेळणी एका खोक्यात पडली, एवढेच कारण.

अशीच दुसरी खूण म्हणजे आसने. डायक्लोनच्या गाड्यांत चालक बसायचा. हॅस्ब्रोने रोबोंनाच जिवंत केले, चालक गेला, पण साच्यातली त्याची जागा राहिली. आयर्नहाइड आणि रॅचेट या व्हॅनच्या जोडीला तर खेळण्यात धड डोकेच नव्हते. काचेमागच्या आसनावर चेहऱ्याचा स्टिकर चिकटवायचा. मालिकेसाठी पात्रे नव्याने रेखाटली गेली तेव्हा त्यांना रीतसर डोकी मिळाली. पडद्यावरचा आयर्नहाइड आणि दुकानातला आयर्नहाइड ओळखीचेही वाटत नाहीत. ज्या मुलाला वाढदिवसाला तो मिळाला असेल त्याची निराशा मी समजू शकतो. जेटफायर हे खेळणे तर चक्क ताकातोकूचे व्हीएफ-१ होते. दुसऱ्या मालिकेतले हे विमान कार्टूनमध्ये तसेच दाखवणे अडचणीचे, म्हणून तिथे स्कायफायर हे नाव आणि वेगळेच रूप आले.

१९८५ च्या ‘झीटा गंडाम’पासून गंडामच्या जगातही रूपबदल रुळला. झीटा वातावरणात शिरताना सपाट, पाचरीसारखे यान होतो. कथेतले कारण पटण्यासारखे आहे. हातपाय पसरून एवढ्या वेगाने हवेत शिरणे हे आत्महत्येचेच काम. मात्र त्याची मॉडेले बनवणाऱ्यांचा घाम निघाला. इतक्या बिजागऱ्या धडात कोंबल्या की रोबो उभा करताना डुगडुगतो. २००३ च्या १/१४४ मॉडेलमध्ये बंडाईने सरळ तुकडे काढून दुसरे बसवण्याची सोय दिली. शुद्धतावाद्यांना ते पटत नाही. मला विचाराल तर मांडणीत ठेवायच्या मॉडेलसाठी तो प्रामाणिक मार्ग आहे.

धातूकडून प्लास्टिककडे झालेला प्रवास याच कारणाने समजून घ्यायला हवा. ओतीव धातू हातात छान लागतो, पण जड हात बारीक सांध्यावर पेलत नाही, रंग उडतो, स्क्रू ढिला होतो. १९९६ च्या ‘बीस्ट वॉर्स’ या ट्रान्सफॉर्मर्सच्याच मालिकेत गोळा-खोबणीचे सांधे सर्रास आले. पहिल्यांदाच असे वाटले, की रोबो झाल्यावर खेळण्याला पोझही देता येते. त्याआधीचे कित्येक रोबो रूप बदलून झाले की पुतळ्यासारखे उभे राहत. २००३ मध्ये टाकाराने मोठ्यांसाठी ‘मास्टरपीस’ मालिका सुरू केली आणि वीस वर्षांपूर्वीच्या कार्टूनमधला ऑप्टिमस खेळण्यात उतरवायचे मनावर घेतले. चित्रकाराने घेतलेली सूट फेडायचे काम इंजिनिअरकडे आले, असे म्हणता येईल. त्याची किंमत अशी, की रूप बदलायला माहितीपुस्तिका समोर लागते, आणि पाठीवर दारे-चाकांचा गठ्ठा उरला तर संग्राहक नाके मुरडतात.

२००७ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ चित्रपटाने हा तोल पुन्हा चित्राकडे झुकवला. तिथे वस्तुमान बदलायचे नाही, असा नियम पाळला गेला. रोबो पुरेसा मोठा व्हावा म्हणून ऑप्टिमसला लांब नाकाचा पीटरबिल्ट ट्रक मिळाला. पण संगणकावरच्या ऑप्टिमसचे सुटे भाग दहा हजारांवर गेले. इतक्या तुकड्यांचे खेळणे कोण बनवणार? मग नकली भाग आले: छातीवर मोटारीचे बॉनेट दिसते, ते खऱ्या बॉनेटपासून झालेले नसते, खरे पाठीमागे लपवलेले असते. एका अर्थी आपण गेट्टापाशीच परत आलो, फक्त मेणाऐवजी पत्र्याचे कपटे.

खऱ्या जगात याचा काही उपयोग आहे का? मोटारीसाठी जवळपास नाही. जपानमध्ये २०१८ मध्ये दाखवलेला जे-डाइट राइड ३.७ मीटर उंच होता, दोन माणसे बसवून मोटारीचा रोबो व्हायचा. पाहायला मजा येते. पण चाकांवर चालणाऱ्या गोष्टीला उभे करून पावलापावलाने चालवण्यात इंधन आणि तोल दोन्हींचा तोटाच. लढाईत तर प्रत्येक बिजागरी म्हणजे चिलखतातली एक फट.

उपयोग निघाला तो जिथे जागेचेच पैसे पडतात तिथे. जपानच्या अंतराळ संस्थेला, म्हणजे जाक्साला, चंद्रावर न्यायला अगदी छोटे वाहन हवे होते. टाकारा आणि टोमी या खेळण्यांच्या कंपन्या २००६ मध्ये एक झाल्या होत्या. त्या टाकारा टोमीला, सोनी आणि दोशिशा विद्यापीठासोबत, या कामात घेतले गेले. सोरा-क्यू हा सुमारे ८ सेंटिमीटर व्यासाचा, पाव किलोच्या आसपासचा चेंडू तयार झाला. पृष्ठभागावर पडला की तो मधून उघडतो, दोन अर्धगोल दोन चाके होतात, कॅमेरा वर येतो. चाकांचे आस मुद्दाम मध्यापासून सरकवलेले आहेत, म्हणून मऊ धुळीत तो पोहणाऱ्यासारखा रेटत पुढे जातो. जानेवारी २०२४ मध्ये त्याला घेऊन गेलेले जाक्साचे स्लिम यान चंद्रावर नाकावर टेकले, आणि ते तसे टेकल्याचा फोटो या चेंडूनेच काढला.

त्याच मापाचे खेळणे टाकारा टोमीने २०२३ मध्येच २७,५०० येनला आणले होते. ते मोबाइलच्या अ‍ॅपवर चालते. २०२१ मध्ये रोबोसेन कंपनीने हॅस्ब्रोच्या परवान्याने ६९९ डॉलरचा ऑप्टिमस काढला, त्यात तर सांधे हलवणाऱ्या २७ सर्व्हो मोटर आहेत. हुकूम दिला की तो स्वतःच ट्रक होतो. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही कमाल आहेत. पण मुलाने टाचेचा तुकडा कुठे वळवायचा हे शोधत बसणे, चुकीच्या बाजूला ताणणे, मग ‘टक्’ आवाज येऊन सगळे जागेवर बसणे, हे त्यांत नाही. मला विचाराल तर मी अजूनही पाच तुकड्यांचा कॉम्बॅटलरच घेईन.